वय ओळखायचा हाडांचा सेट घेतला, तुकडे भारी आहेत पण सोबतचं पत्रक वापरू नका

खूप दिवस लिहायचं होतं, आता नाईट ड्युटी संपलीये आणि पेटी समोरच पडलीये म्हणून लिहूनच टाकते. मी फॉरेन्सिक मेडिसिनला पीजी करतेय, दुसरं वर्ष. आमच्या विषयात एक प्रश्न परीक्षेतही सुटत नाही आणि खऱ्या कामातही सुटत नाही, समोर नुसती हाडं आहेत, चेहरा नाही कपडे नाहीत काही नाही, तर सांगा हा माणूस गेला तेव्हा किती वर्षांचा होता. त्यासाठीचा रेझिनचा कास्ट सेट, म्हणजे खऱ्या हाडाचा साचा काढून ओतलेल्या प्रती, मी इथे नाशिकमध्येच घेतला, शालीमारहून सीबीएस बसस्टँडकडे येताना आतल्या गल्लीत एक मेडिकल मॉडेल्सचं दुकान आहे तिथून. दुकानाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण खाली एक मोठी तक्रार आहे आणि दुकानवाले काका माणूस म्हणून चांगले आहेत. किंमत पडली ७,२०० रुपये, घासाघीस करून ६,८००.

आधी सांगते की घ्यायची गरजच काय, कारण हॉस्टेलवर सगळ्यांनी तेच विचारलं. तुझ्याकडे बोन सेट आहे ना? आहे. पहिल्या वर्षाला सगळे घेतात तसा सीनियरकडून घेतलेला, पत्र्याच्या ट्रंकेत, खऱ्या हाडांचा. पण त्या सेटवर ॲनाटॉमी शिकता येते, वय शिकता येत नाही, कारण ती हाडं कुणाची, तो माणूस किती वर्षं जगला हे कुणालाच माहीत नाही. आपल्याकडून १९८५ पर्यंत माणसांचे सांगाडे परदेशात जायचे, जगभरातल्या कॉलेजांमधे इंडियन सांगाडा असायचा, मग सरकारने ती निर्यात बंद केली. पण गेलेल्या आणि इथे राहिलेल्या त्या माणसांची नावं, वयं कुणी लिहून ठेवलीच नाहीत. मी ती ट्रंक उघडते तेव्हा दर वेळी हात जोडते, खरं सांगते. पण वय शिकायचं तर ज्याचं वय कागदोपत्री माहितीये अशाच हाडावरून काढलेला साचा हवा, नाहीतर उत्तर बरोबर आलं की चूक हे तपासणार कशावर?

पेटीत काय काय येतं ते सांगते. प्युबिक सिम्फिसिसचे पुरुषांचे बारा तुकडे, बायकांचे सहा, गळ्याच्या हाडाची आतली टोकं तीन, चौथ्या बरगडीची पुढची टोकं चार, कमरेच्या हाडाचा कानासारखा पृष्ठभाग म्हणजे ऑरिक्युलर सर्फेस दोन, सहा-सात वर्षांच्या मुलाचा खालचा जबडा एक बाजूने कापलेला, आणि कवटीचा वरचा टोप. फोम कापून प्रत्येकाला खाच केलीये, झाकण घट्ट बसतं, स्कूटीवर डिक्कीत टाकून अंबडपर्यंत नेली तरी आत काही हललं नाही.

आता मुख्य माल, सिम्फिसिस. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ओटीपोटाच्या खाली अगदी पुढे कमरेची दोन हाडं जिथे एकमेकांना भेटतात आणि मधे कुर्चेची चकती असते ती जागा. ती दोन हाडं वेगळी केली की समोरासमोरचे जे चेहरे दिसतात त्यावर वय लिहिलेलं असतं असं म्हणायला हरकत नाही, फक्त अक्षर फार बारीक आणि धूसर. विशीच्या आतल्या मुलाचा तुकडा हातात घेतला आणि अंगठा फिरवला ना, तर आडव्या उंचसखल रेघा लागतात, आमच्या दिंडोरीच्या शेतात कांद्याला सरी-वरंबा काढतात अगदी तसं. इंग्रजी पुस्तकातही त्याला तेच नाव आहे, आणि मला ते वाचून कधी कळलं नव्हतं, हा तुकडा बोटाखाली आल्यावर एका सेकंदात कळलं. मग वय वाढतं तसं मागच्या बाजूने सपाट व्हायला लागतं, सरी बुजतात, पुढच्या बाजूने हाडाचा एक बांध चढत येतो, खालून आणि वरून, मधे थोडी खिंड राहते. पस्तिशीच्या आसपास साधारण पूर्ण लंबगोल कडा तयार झालेली असते, आतला भाग बारीक रव्यासारखा. त्यानंतर मधला भाग किंचित खोलगट होतो, आणि म्हातारपणाकडे कडाच झिजायला फुटायला लागते, खड्डे पडतात, आकार वेडावाकडा होतो.

बारा तुकड्यांत प्रत्येक फेजचा, म्हणजे या बदलाच्या सहा पायऱ्यांपैकी प्रत्येकीचा, एक लवकरचा आणि एक उशिराचा असे दोन दिलेत, आणि ही सगळ्यात हुशारीची गोष्ट आहे, कारण खरं हाड कधीच पुस्तकातल्या फोटोसारखं नसतं, ते कुठल्यातरी दोन फोटोंच्या मधे बसतं. बांधाची कड या कास्टमधे इतकी स्वच्छ उतरलीये की डोळे मिटूनही फेज दोन आणि तीन वेगळे करता येतात, मी आणि रूममेटने पैज लावून केलंय, दहापैकी आठ बरोबर.

ही पद्धत आली कुठून ते थोडं सांगते कारण पुढची तक्रार त्याशिवाय कळणार नाही. १९२० मधे क्लीव्हलंडच्या टॉडने या चेहऱ्याच्या दहा पायऱ्या पाडल्या. मग १९५७ मधे मॅककर्न आणि स्टीवर्ट यांनी कोरियाच्या युद्धात मेलेल्या अमेरिकन सैनिकांची हाडं बघितली, पण सैनिक म्हणजे सगळे तरुण पुरुष, त्यामुळे चाळिशीपुढचं त्यातून फारसं कळत नाही आणि बायकांचं काहीच नाही. नंतर ब्रूक्स आणि सुची यांनी लॉस एंजेलिसच्या कॉरोनर ऑफिसमधे, म्हणजे मृत्यूचं कारण तपासणाऱ्या सरकारी कचेरीत आलेल्या, वय माहीत असलेल्या हजारावर मृतांची हाडं घेऊन १९९० मधे सहा फेज ठरवले, पुरुषांचे आणि बायकांचे आकडे वेगळे. आज आम्ही तीच वापरतो. आणि त्यांनी प्रत्येक फेजला सरासरी दिली तशी रेंज पण दिली, त्या फेजमधली शंभरातली पंच्याण्णव माणसं ज्यात बसतात ती. पुरुषांची पहिली फेज १५ ते २३, दुसरी १९ ते ३४, तिसरी २१ ते ४६, चौथी २३ ते ५७, पाचवी २७ ते ६६, सहावी ३४ ते ८६. परत एकदा वाचा. चौथी फेज म्हणजे तेवीस वर्षांचा पोरगा पण असू शकतो आणि सत्तावन्न वर्षांचे आजोबा पण. हे पद्धतीचं अपयश नाही, ही हाडाची खरी गोष्ट आहे.

आणि आता पत्रक. पेटीत एक चार पानी गुळगुळीत रंगीत पत्रक येतं आणि त्यात छापलंय फेज ४ : वय ३५ ± २ वर्षे. फेज ५ : ४५ ± २ वर्षे. फेज ६ : ६१ ± २. मी वाचून दुकानात उभ्या उभ्या सुन्न झाले.

हे ± २ कुठून आलं असेल ते मला लगेच कळलं. सुप्रीम कोर्टाच्या १९८२ च्या जया माला निकालात म्हटलंय की एक्स-रे काढून ठरवलेल्या वयात दोन्ही बाजूंना दोन वर्षांची चूक धरावी. पण ते जिवंत, कोवळ्या वयाच्या मुलाबद्दल आहे, ज्याच्या कोपराच्या मनगटाच्या हाडांची टोकं मूळ हाडाला अजून जुळायची आहेत! आजही बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ९४ मधे शाळेचा दाखला नाही, जन्मदाखला नाही तर मग शेवटी हाडांची टेस्ट असाच क्रम आहे. वाढीच्या वयात शरीर वेळापत्रकावर चालतं, कोपर आधी जुळणार, मग मनगट, मग खांदा, कमरेच्या हाडाची वरची कड विशीच्या सुमाराला, गळ्याच्या हाडाचं आतलं टोक सगळ्यात शेवटी, ते पूर्ण व्हायला तिशी उजाडू शकते. तिथे दोन वर्षं म्हणणं समजू शकतं. पण वाढ संपल्यावर जे होतं ती झीज असते, आणि झीज वेळापत्रक पाळत नाही. कुणी आयुष्यभर हमाली केली, कुणी खुर्चीत बसून काढलं, कुणाला सांध्याचा आजार, कुणाची हाडं मुळातच चिवट. तोच कोर्टाचा आकडा उचलून मेलेल्या प्रौढ माणसाच्या हाडाला चिकटवणं म्हणजे बाळाच्या लसीचा तक्ता घेऊन आजोबांना इंजेक्शन देण्यासारखं आहे.

यात एवढं चिडण्यासारखं काय, असं वाटेल, म्हणून एक गोष्ट सांगते. कुठलं ठिकाण ते सांगत नाही.

मागच्या वर्षी पाऊस ओसरल्यावर एका डोंगराखालच्या झाडीतून सांगाडा आला. मी तेव्हा पहिल्या वर्षाला, नवीन नवीन, उत्साह फार. सिम्फिसिस साफ केलं, बघितलं, फेज चार, मॅडमना म्हटलं मॅडम ३५. मॅडम माझ्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "पस्तीस कुठून आणलंस? हाडाने सांगितलं का तुला?" मी गप्प. मग म्हणाल्या आधी २३ ते ५७ लिही, आणि मग बाकीच्या हाडांना विचारत विचारत कमी करत ये. गळ्याच्या हाडाचं टोक पूर्ण जुळलेलं, कुठे रेघही नाही, म्हणजे खालची बाजू वर सरकली. बरगडीचं टोक चांगलं खोल वाटीसारखं झालेलं, कड पातळ आणि धारदार. मणक्यांच्या कडेला हाडाचे ओठ फुटायला लागलेले. शेवटी मॅडमनी लिहिलं ४० ते ५५ दरम्यान, आणि त्याच्या पुढे एक ओळ, याहून कमी किंवा जास्त असण्याची शक्यता नाकारता येत नाही. मला तेव्हा ती ओळ पळपुटी वाटली होती.

तीन आठवड्यांनी एक बाई आल्या, भावाबरोबर. त्यांचे मिस्टर सात महिन्यांपासून बेपत्ता, वय ५१. पोलिसांनी हरवलेल्यांच्या यादीतून आमच्या रेंजमधे बसणाऱ्यांना बोलावलं होतं त्यात त्या. डीएनएला नमुने गेले आणि जुळले. त्या बाई सात महिने रोज कुंकू लावताना थांबायच्या म्हणे, लावू की नको कळायचं नाही. नंतर रामकुंडावर अस्थी सोडल्या, भावाने मॅडमना फोन करून सांगितलं. आता विचार करा, मी लिहिलं असतं ३५ आणि या पत्रकाप्रमाणे पुढे ± २, तर यादीतून ३३ ते ३७ वयाचे लोक काढले असते, आणि त्या बाईंची फाईल कुणी उघडलीही नसती. म्हणून मला त्या गुळगुळीत कागदाचा राग आहे. रेंज मोठी ठेवणं हे घाबरटपणाचं नाही, ते कुणाचं तरी माणूस यादीत राहू देणं आहे.

काकांना मी हे सगळं सांगितलं, त्यांनी ऐकून घेतलं, म्हणाले डॉक्टर ताई आम्ही एका गाईडमधून उतरवलं, आम्हाला काय कळणार, पण तुम्ही बरोबर आकडे द्या आम्ही नवीन छापू. त्याचं पुढे काय झालं ते शेवटी.

बाकी तुकड्यांबद्दल. जबडा अप्रतिम. एक बाजू कापून आतले यायचे दात दाखवलेत, दुधाचे दात वर उभे आणि त्यांच्या खाली पक्के दात वाट बघतायत, पहिली पक्की दाढ नुकतीच वर आलेली, जी साधारण सहाव्या वर्षी येते. दुसरी दाढ बाराव्या वर्षाच्या आसपास, अजून जबड्याच्या हाडात खोल, तिचं मूळ तयारच नाही झालेलं. लहान मुलांचं वय दातांवरून इतकं नेमकं का येतं ते या एका तुकड्यावरून कुणालाही समजावता येतं, माझ्या आईला समजलं. उपासमार झाली, आजारपण आलं तर हाडांची वाढ मागे पडते, दात त्या मानाने आपल्या वेळेला येत राहतात. आपल्याकडे शिरूरजवळ इनामगावला डेक्कन कॉलेजने खोदलं तेव्हा तीन हजार वर्षांपूर्वीच्या घरांच्या जमिनीखाली दोन मातीचे कुंभ तोंडाला तोंड लावून त्यात पुरलेली लहान बाळं सापडली, अशा बाळांची वयं सांगायला दातांसारखं दुसरं काही नाही. मला तो जबडा हातात घेतला की हटकून ते कुंभ आठवतात, कुणीतरी लेकराला घरातच, आपल्या झोपण्याच्या जागेखाली ठेवलं.

गळ्याच्या हाडाची तीन टोकंही छान, न जुळलेलं, पापुद्र्यासारखं अर्धवट जुळलेलं आणि पूर्ण. मधलं तर फारच सुंदर आलंय.

ऑरिक्युलर सर्फेस मात्र वाया गेलेत. ही जागा लव्हजॉय आणि सहकाऱ्यांनी १९८५ मधे आठ फेजमधे मांडली, आणि हिचा सगळा खेळ पोताचा आहे, तरुणपणी लाटा आणि बारीक दाणा, मग दाणा जाड होत जातो, मग तो जाऊन पृष्ठभाग घट्ट होतो, मग बारीक मोठी छिद्रं. आणि काकांच्या कारागिराने या दोन्ही तुकड्यांवर चकचकीत व्हार्निश मारलंय! दाणा सगळा त्याखाली बुजलाय, बोट फिरवलं तर संगमरवराची फरशी. त्यात एका तुकड्यात रेझिन ओतताना हवेचे बुडबुडे राहिलेत ते फुटून गोल गोल भोकं पडलीत, आणि शिकणाऱ्या पोराला ती म्हातारपणाची छिद्रं वाटणार, म्हणजे पंचविशीच्या हाडाला तो साठ सांगणार. खऱ्या हाडातली छिद्रं अशी कंपासने काढल्यासारखी गोल नसतात, भिंगातून बघा.

बरगडीची चार टोकं आहेत, ठीक. इश्कान आणि लॉथ यांनी १९८४ मधे चौथ्या बरगडीवरून जी पद्धत दिली त्यात टोकाची कड पातळ आणि ओबडधोबड होत जाते तेच बघायचं असतं, आणि नेमकी तीच कड कास्टमधे जाड गोलाकार झालीये कारण पातळ केली तर मोडते. एक तर मोडूनच आली, बदलून दिली लगेच.

बायकांचे सहाच तुकडे का, पुरुषांचे बारा तर बायकांचेही बारा हवेत. उलट बायकांमधे रेंज आणखी मोठी, चौथी फेज २६ ते ७०, पाचवी २५ ते ८३, त्यामुळे तिथेच सराव जास्त लागतो. काका म्हणाले मागणी नाही. मागणी नाही म्हणजे बायका मरत नाहीत का बेवारस?

कवटीचा टोप मी वापरत नाही. सांधे बुजण्यावरून वय सांगायची जुनी सवय आहे, पण तिशीत बुजलेले आणि सत्तरीत उघडे असे दोन्ही बघायला मिळतात, एकट्या त्यावर भरवसा ठेवू नये.

अजून एक गोष्ट लक्षात ठेवा घेणाऱ्यांनी. तुकड्यांच्या मागे पु आणि स्त्री लिहिलंय पण शाई पुसली जाते, आठवड्याभरात गेली. लिंग आधी ठरवल्याशिवाय वयाचा तक्ता उघडताच येत नाही कारण आकडे वेगळे, म्हणून घेतल्या घेतल्या परमनंट मार्करने गडद करून घ्या. आणि हे आकडे अमेरिकेतल्या लोकांचे आहेत हेही पोरांना सांगा. भारतातल्या मुलांच्या हाडांच्या जुळण्याचा अभ्यास गॉलस्टॉनने १९३७ मधेच छापला होता, आपले लोक आपल्याच आकड्यांनी मोजावेत ही गोष्ट इतकी जुनी आहे. मी प्रौढांना हे तक्ते लावताना रेंज कधीच आवळत नाही, उलट थोडी सैल धरते.

घ्यावा का? सिम्फिसिस, जबडा आणि गळ्याचं हाड यासाठी घ्यावा, एवढ्या पैशात एवढ्या स्वच्छ कडा मी दुसरीकडे बघितल्या नाहीत, बाहेरून मागवलेला मूळ कास्ट सेट विद्यार्थ्याला परवडत नाही. ऑरिक्युलर बिनव्हार्निशचे मागून घ्या, सांगितलं तर देतात, दोन दिवस लागतात. दुकान दुपारी दीड ते चार बंद असतं. पार्किंगची बोंब आहे, गाडी सीबीएसला लावून चालत जा. पाचपैकी साडेतीन, पत्रकासकट अडीच.

मी माझ्या पेटीच्या झाकणाला आतून दोन्ही तक्ते हाताने लिहून चिकटवलेत, सरासरी लिहिलेलीच नाही, फक्त रेंज.

अपडेट : काल काकांनी व्हॉट्सॲपवर नवीन पत्रकाचं प्रूफ पाठवलं. ± २ सगळीकडून काढलंय, बायकांचा तक्ता वेगळा केलाय, छान. फक्त पुरुषांच्या तिसऱ्या फेजला ४६ च्या जागी ६४ पडलंय, ते कळवलंय, छापायच्या आधी परत दाखवतो म्हणालेत.